शवागाराच्या दारातलं ‘पुन्हा या’

शवागाराबाहेरच्या खोलीतून निघताना कुणी ‘येतो’ म्हणायचं नाही, हा मावशीचा कायदा. जिभेची सवय जात नाही, एखाद्याच्या तोंडून निघायचंच. मग मावशी तिथल्या तिथे तोडायची, “येऊ नका. घरी धड राहा.” नवऱ्याला याच दारातून बाहेर काढलं तेव्हा ती स्वतः “येते” म्हणून गेली होती, आणि महिन्याभरात झाडू घेऊन कायमची आली. तेव्हापासूनचा हा कायदा.

ओळख पटवायला आत जायच्या आधी ती प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला द्यायची. पेला किती हलतो ते बघायची. त्यावरून ठरायचं, याला एकट्याला सोडायचं की दंड धरून न्यायचं.

एक दिवस तिचं पाण्याचं पिंप कोपऱ्यात सरकलं आणि त्या जागी आलं मशीन. माणसापेक्षा उंच, पोटात लाल दिवा. समोरच्या बाकावर बसलेल्यांचे रडके चेहरे त्या उजेडात भाजल्यासारखे दिसायचे. पैसे टाकले की चिप्स, बिस्किटं, कॉफी. आणि वर गोड बायकी आवाज: “धन्यवाद, पुन्हा या!”

“मावशी, तुमची सवत आली बघा,” शववाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला. “पगार मागत नाही, दम देत नाही.”

“तुझ्या गाडीलाही असला भोंगा लावून घे,” मावशी फिस्कारली आणि तरातरा दवाखान्याच्या साहेबांकडे गेली. “साहेब, मेलेल्याच्या दारात पुन्हा या? लाज वाटते का कुणाला?”

साहेब वाईट माणूस नव्हता. “मावशी, लोक सकाळपासून उपाशी ताटकळतात. तुमच्या पाण्याने पोट भरतं का?”

चक्कर आलेली बाई पुड्यातली दोन बिस्किटं खाऊन सावरलेली मावशीनेच पाहिली होती. “खाऊ दे की! माझं भांडण त्या तोंडाशी आहे. ते बंद करा.”

“आवाज कंपनीचा. माझ्या हातात नाही.”

कुणाच्याच हातात नसतं. असल्या गोष्टी अशाच टिकतात.

त्याच आठवड्यात सुतार आला. थोरला मुलगा इमारतीच्या बांबूच्या परांचीवरून पडून गेला होता. सोबत धाकटा, त्याच परांचीवर काम करणारा. बापाच्या हातात पेला इतका हलला की मावशीने तो काढून घेतला आणि बापाला धरून आत नेलं. बाहेर आल्यावर धाकट्याने मशीनमध्ये नाणी टाकली, बापासाठी कॉफी घेतली.

“धन्यवाद, पुन्हा या!”

बापाने मान वर केली. मशीनकडे बघितलं, मग धाकट्याकडे. कॉफी प्यायलाच नाही.

मावशीने धाकट्याला बाजूला घेतलं. “परांची दुरुस्त केली का रे मालकाने?”

“दोरी बांधली म्हणतात.”

“दोरी! त्यावर पाय ठेवू नकोस.”

“सोमवारी नाही गेलो तर मालक दुसरा घेईल, मावशी.”

“घेऊ दे!”

मग ती ड्रेसिंगच्या खोलीतून चिकटपट्टी घेऊन आली आणि मशीनच्या आवाजाच्या भोकांवर थरावर थर चिकटवू लागली. पाठमोरी, तोंडाने शिव्या चालू. तेवढ्यात मागून धाकट्याचा आवाज आला, “येतो मावशी.”

ती वळेपर्यंत दार हलत होतं. धावली, पण बापलेकांना घेऊन शववाहिका फाटकाबाहेर पडली होती. आजवर एकही ‘येतो’ तिने तोडल्यावाचून जाऊ दिला नव्हता. हा गेला.

सोमवारी मावशीचं लक्ष कामात नव्हतं. पट्टीखालून मशीन दबलेलं काहीतरी पुटपुटायचं. शब्द कळत नसत, पण माहीत होते. दुपारी शववाहिका मागे सरकत दाराला लागली. ड्रायव्हरने आज थट्टा केली नाही.

“परांचीवरून,” तो म्हणाला.

मावशीने चादरीकडे बघितलं नाही. पेला भरायला गेली तर पाणी बाहेरच सांडायला लागलं.

“मावशी.”

दारात धाकटा उभा. जिवंत. तिने त्याचं मनगट धरलं, इतकं घट्ट की तो कळवळला. “रांडेच्या! मला वाटलं...”

“तुमचं ऐकलं मी. नाही गेलो.” त्याने चादरीकडे बघितलं. “मालकाने माझ्या जागी याला चढवलं. कालच गावाहून आला होता. इथे कुणी नाही त्याचं, म्हणून ओळख पटवायला मला आणलंय.”

तिने त्याच्या हातात पेला दिला. पेला हलला नाही. तेच तिला बरं वाटेना.

बाहेर आल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, “उद्या चढ म्हणालाय मालक. दादा गेला, बाबांनी अंथरूण धरलंय, आता घरात कमावणारा मीच.”

“परांची?”

“दोरी बदलली म्हणतो.”

मावशीने एकदा ‘नको’ म्हणून बघितलं होतं. तो ‘नको’ आत चादरीखाली होता. बाकावरच्या कुणीतरी मशीनमध्ये नाणं टाकलं. पट्टीमागून ते पुटपुटलं.

धाकटा उंबऱ्याशी थांबला, सवयीने वळला, तोंड उघडलं. मावशी झेपावली आणि तिने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला.