दत्तूमामा आणि धुतलेली आतडी

आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई दत्तूमामा कुठलाही डबा उघडून आधी स्वतः वास घ्यायचे, आणि मगच तो माझ्या टेबलावर ठेवायचे. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात पीएच.डी. करत होते. बकऱ्याच्या आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो. त्यातून औषध किती वेळात पलीकडे झिरपतं, हे मला मोजायचं होतं. कत्तलखान्यातून आतडी आणायचं काम मामांचं. "बाई, तुमच्या घरात अंडंसुदिक शिजत न्हाय, आन् तुमी ह्यात हात घालताय. शिक्षान लई वंगाळ की," असं म्हणून ते मनापासून हळहळायचे.

वर्षभर माझे आकडे काही जुळेनात. औषध टाकावं तर ते लगेच पलीकडे हजर. शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनी वही मिटली. "तुझ्या हाताला शिस्त नाही. विषय बदल," म्हणाले. मी रडकुंडीला आले.

त्याच आठवड्यात मामा भाताच्या लावणीला शाहूवाडीला गेले, म्हणून डबा घेऊन मीच कत्तलखाना गाठला. नाक दाबून आणलेल्या त्या आतड्यातून औषध जायला कितीतरी वेळ लागला. घड्याळ बंद पडलंय की काय, म्हणून मी ते कानाला लावून बघितलं.

मामा परतल्यावर मी सरांसमोरच विचारलं, "मामा, आतडी आणल्यावर तुम्ही त्यांचं काय करता?"

ते गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"सर, बाईंचा दोष न्हाय. मीच धुतोय. घरात खायची वजडी धुत्यात तसं, कोमट पान्यानं, चांगलं चोळून. बाईस्नी वास लागू नये म्हनून."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. वर्ष पाण्यात गेलं होतं. पण त्या बुळबुळीवरच माझी पदवी अडली आहे, हे मी तरी त्यांना कधी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी मामा तासभर उशिरा आले, डबा दोन्ही हातांत धरून. "सायकल घरात ठिवली. हादऱ्यानं थर निघाला म्हंजे?"

पदवी मिळाली. मामा निवृत्त होऊन गावी गेले, तरी दर वर्षी सुगीनंतर तांदळाची पिशवी घेऊन माझ्या दारात यायचे. ती माझ्या हातात देताना चेहरा अगदी गंभीर ठेवायचे.

"घ्या बाई. न धुता आनल्यात."