तीन वाट्या बेदाणा

मंगल बंडगरच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी पायताण बाहेर काढायचं, मग केसाला फडकं बांधायचं आणि मग गप्पा मारायच्या. गप्पा सक्तीच्या होत्या. बावीस बायका लांबलचक टेबलांच्या दोन्ही अंगाला बसून बेदाणा निवडायच्या. काडी एकीकडं, खडा दुसरीकडं, काळा पडलेला दाणा तिसरीकडं. हात चालू असताना तोंड बंद ठेवलं की झोप येते, असं मंगलचं म्हणणं. झोप आली की खडा सुटतो आणि सुटलेला खडा नेमका पैसेवाल्याच्या दाताखाली जातो. म्हणून गप्पा. बेदाण्याबरोबर त्यात अख्खी माळेवाडी रोज निवडून व्हायची.

बाई जन्माला आली तीच मुळी परक्याच्या रानात. बाप बिराप्पा जतकडचा धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन रहिमतपूरच्या अंगाला उतरायचा. तिथल्या एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती आणि पालातच मंगल झाली. शेतकऱ्याच्या बायकोनं बाळंतिणीला पायलीभर ज्वारी दिली, गुळाचा खडा दिला. बदल्यात मेंढरं दोन राती जादा बसली आणि रानाला तेवढं लेंडीखत मिळालं. "माझी किंमत दोन रातीची लेंडी," असं ती स्वतःच सांगायची आणि समोरच्याला हसू फुटायच्या आत आपण हसून घ्यायची.

पुढं लग्न झालं ते माळेवाडीच्या जोतिबाशी. तोही मेंढरामागचा, वर्षातले आठ महिने कृष्णाकाठी. नवरा घरात नसल्यानं संसार सुखाचा झाला, हेही तिचंच वाक्य. जोतिबासमोर बोलायची, आणि तो बिचारा मान डोलवायचा. घरी एकटी बसून करायचं काय, म्हणून ती बेदाण्याच्या शेडवर रोजानं जायला लागली. चारपाच वर्षांत दाणा दाताखाली धरून तो कसा वाळवलाय ते सांगू लागली, आणि पन्नाशीला पोचेतो तेच शेड तिनं स्वतः चालवायला घेतलं. लिहिता येत होतं जेमतेम. बोलता मात्र लय येत होतं.

एकच दुखणं होतं. बेदाण्याचं काम शिमग्याच्या आगंमागं सुरू होतं आणि पावसाळ्यात आटपतं. पुढं सहा महिने शेडला कुलूप. बायका मग पहाटे टेम्पोत उभ्या राहून चाळीस मैलांवर तण भांगलायला जायच्या आणि येताना कंबर तिकडंच ठेवून यायच्या. अशात सांगलीचा फारूक मुल्ला दारात आला. तीन पिढ्यांचा किराण्याचा व्यापारी, बोलायला साखर. "आक्का, अफगाणी बेदाणा आणलाय मी. गोड हाय, स्वस्त हाय, पण काड्या आन् खडं लय. निवडून देताय का?" मंगलनं एक दाणा तोंडात टाकला, खडा बाहेर काढला आणि हो म्हणाली.

त्या वर्षी शेड बारा महिने चाललं. सगळ्यात म्हातारी धोंडुबाई, जिला खडा दिसायचा बंद झाला होता आणि जी नुसत्या बोटांवर निवडायची, तिनं त्या कमाईवर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला. दिसायला लागल्यावर पहिलं काय म्हणाली असेल? "मंगल, तू एवढी काळी कवा झालीस गं?" डावा डोळा पुढच्या साली, असं ठरलं. पुढचं साल म्हणजे पुन्हा फारूकचा ट्रक, आणि ट्रक येणार असा शब्द मंगलनं बावीस जणींना देऊन ठेवला होता.

आणि इथं पृथ्वीराजदादा आडवा आला.

माणूस वाईट नव्हे हो. आठ एकर द्राक्षबाग, बागायतदारांचा पुढारी, कुणाच्या मयतीला पहिला आणि जेवणावळीला शेवटचा. बेदाणा तर असा करायचा की चार दाणे तळहातावर ठेवले तर हिरव्या मण्यांसारखे दिसावेत. पण ह्या साली भाव ढिला पडला, कुणीतरी कानात सांगितलं की हे सगळं बाहेरच्या मालानं झालं, आणि दादाच्या डोक्यात तिडीक गेली. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत ठराव येणार होता की परदेशी बेदाण्याला माळेवाडीची वेस बंद. ग्रामसभेला असलं काही करता येत नाही, हे ग्रामसेवकानं दोनदा सांगून पाहिलं. देशाचं देश बघील, वेस आमची हाय, असं गावाचं म्हणणं पडलं.

फारूकचा फोन आला. "आक्का, माझं कुणाशी भांडण न्हाई. पण ठराव झाला तर गाडी मी दुसऱ्या गावाला वळवणार. ट्रकापुढं कोण झोपलं तर मी काय करू?" त्याचंही बरोबर होतं. मंगलनं शेडमध्ये ही बातमी सांगितली आणि त्या दिवशी पहिल्यांदा टेबलावर कुणी बोललं नाही. धोंडुबाईनं डाव्या डोळ्यावर हात ठेवला, उजव्यानं मंगलकडं बघितलं आणि पुन्हा निवडायला लागली. मंगलला रडू आलं. ते तिनं गिळलं आणि घरी जाऊन स्टीलच्या तीन वाट्या घासल्या.

ग्रामसभेला बावीस बायका पुढच्या सतरंजीवर. एरवी तिथं पुरुष बसतात आणि बायका खांबाआड. पृथ्वीराजदादानं भाषण केलं, चांगलं केलं. मातीची गोडी, बापजाद्यांचा घाम, सगळं आलं. मग विचारलं, "ठरावाला अनुमोदन कोण देतंय?"

"मी," मंगल म्हणाली.

दादा चमकला. हिच्याशीच तर भांडण होणार म्हणून तो रात्रभर मुद्दे पाठ करत बसला होता.

"अनुमोदन माझं. पण आवं दादा, बंदी घालायची ती वळखून घालाय नको? येशीवर उभं कोण राह्यचं, आन् ह्यो आपला, ह्यो बाहेरचा, हे सांगायचं कुणी? तुमास्नी तरी कळतंय का बघूया की."

आता बागायतदाराला सगळं बोला. बाग वाळली म्हणा, कर्ज थकलं म्हणा, पण तुला बेदाणा कळत नाही असं म्हणू नका. पृथ्वीराजदादाच्या मानेपर्यंत रक्त चढलं. "तीस वर्षं बेदाणा करतोय मी. डोळं बांधून सांगीन."

"बांधा की," मंगल म्हणाली.

दादाच्याच खांद्यावरचा टॉवेल धोंडुबाईनं त्याच्या डोळ्यांवर बांधला. तिचा हात जरा आवळता पडला, पण दादानं चेहरा हलू दिला नाही. मंगलनं पिशवीतनं तीन वाट्या काढल्या, तिन्हींत वेगवेगळा बेदाणा.

पहिला दाणा तोंडात पडला न पडला तोच दादा म्हणाला, "ह्यो अफगाणी. साल जाड, गोडी उग्र."

दुसरा दाणा. "ह्यो गावचा. पण घाईनं उन्हात टाकलाय, म्हणून आतनं तांबडा आसणार. धनाजी, तुझाच न्हवं ह्यो?" मागच्या रांगेत धनाजी शेंडगेनं मान खाली घातली.

तिसरा दाणा दादानं दाताखाली सावकाश फिरवला. त्याचा चेहराच बदलला. "ह्यो माझा. तळ्याकडच्या तुकड्यातला. सावलीत, रॅकवर, अठरा दिवस." टॉवेल काढून त्यानं वाटी बघितली. तिन्ही बरोबर, असं मंगलनंच सांगितलं. सभेनं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यात मोठ्यानं मंगलनं वाजवल्या.

"डोळं बांधून, एका दाण्यात," ती म्हणाली. "मग दादा, तुमच्या गिऱ्हाइकाचं डोळं तर उघडं हायती. तुमास्नी भ्या कशाचं?"

टाळ्या थांबल्या. पण दादा काही कच्चा नव्हता. "आक्का, तोंडाला कळतंय, पोत्याला कळत न्हाई. व्यापारी दोन्ही एकात मिसळत्यात आन् आमच्या नावावर खपवत्यात. नाव आमचं जातंय."

"हे खरं हाय," मंगल म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. "मग चोर मिसळणारा हाय, बेदाणा न्हाई. आन् मिसळलेलं येगळं करायचं काम कुणाचं? ह्या बायकांचं. आमचं शेड बंद केलंसा म्हणून काय माल यायचा थांबतोय व्हय? त्यो दुसरीकडं उतरंल, आन् तितं निवडाय कोण बसलंय, तुमास्नी बी ठावं न्हाई आन् मला बी. त्यापरास इतंच येऊ द्या. खोक्याखोक्यावर मोठ्या अक्षरात ल्ह्यायचं, अफगाणी म्हणून. ज्याला परवडंल त्यानं ते घ्यावं, ज्याला दादांचा पायजे त्यानं दादांचा घ्यावा."

"आन् भाव पडला तर?" मागनं धनाजीनं विचारलं.

"थोडा पडंल. खोटं कशाला बोलू? उन्हात घाईनं वाळवणाऱ्याचा पडंल."

"मग मी काय करू?"

"सावलीत वाळव," मंगल म्हणाली, आणि अख्खी सभा धनाजीकडं वळून हसली. पुढं गावात त्याला बरेच दिवस तेच ऐकावं लागलं.

दादा हसला नाही. तेव्हा मंगल त्याच्याजवळ गेली आणि आवाज खाली आणला. तिचा खाली आणलेला आवाज मारुतीच्या देवळापर्यंत जातो, ते सोडा. "गेल्या साली बांगलादेशानं आपल्या द्राक्षावर कर चढवला, तवा तुमी आमाला टेम्पो भरून मोर्च्याला नेलंसा. घसा बसला माझा घोषणा देऊन. तुमी म्हणालासा, खाणाऱ्याला स्वस्त मिळतंय, पिकवणाऱ्याला पैसा मिळतोय, तर मधी सरकारनं आडवं का पडावं? मला लय पटलं, दादा. अजून बी पटतंय. तितल्या बी कुठल्या तरी दादाला आपल्या द्राक्षाचं भ्या वाटलं आसंल."

दादा टॉवेलाची घडी घालू लागला.

"आमची मेंढरं तुमच्या रानात बसत्यात, तवा इचारताय का, लेंडी कुठल्या तालुक्याची म्हणून? रान पिकतंय न्हवं? आमी कवा जुंधळा पेरला न्हाई, तुमी कवा मेंढरं राखली न्हाईसा. कोण उपाशी मेलं?"

लेंडीवर सभा अशी हसली की ग्रामसेवकाच्या हातातला पेन खाली पडला. पेन सापडेपर्यंत ठराव बदलला होता. बाहेरचा बेदाणा गावात येईल, पण प्रत्येक खोक्यावर देशाचं नाव ठळक हवं. बिननावाचं खोकं शेडबाहेर पडणार नाही. सूचक पृथ्वीराजदादा, अनुमोदन मंगल बंडगर. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी फारूकची गाडी आली. गाडीपुढं कुणी झोपलं नाही.

मार्गशीर्षात दादाच्या लेकीचं, सोनमचं लग्न निघालं. सांगलीत विश्रामबागेतलं कार्यालय, तीन हजार पान. लग्नाच्या आठवडाभर आधी, भरदुपारी, दादा शेडच्या मागच्या दारानं आत आला. पायताण त्यानं न सांगता काढलं. गप्पा तुटल्या.

"आक्का," तो टेबलावरचा एक दाणा बोटांत फिरवत म्हणाला, "पुलावाला बेदाणा लागंल जरा."

"तुमचा कोल्ड स्टोरेजमदी पडलाय की."

"त्याला मागणी आलीया. सुक्या मेव्याची भेटीची खोकी भरणारा कुणी हाय, चांगला भाव देतोय. त्यो पुलावात घालून…" पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही. "आचारी म्हणतोय, पुलावात कुठला बी चालतोय."

हसू दाबून मंगलचे कान दुखायला लागले. सभेत घसा फोडून ती जे बोलली त्याचा अर्थ हाच तर होता, की महागाचं आपलं विकावं आणि स्वस्तातलं दुसऱ्याचं खावं. पण लेकीच्या लग्नासाठी दारात आलेल्या बापाला टोचू नये एवढं तिला कळत होतं. तिनं नुसतं विचारलं, "किती खोकी?"

"दहा. पण साध्या पोत्यात भरा, काय? खोकी नकोत."

आता मात्र तिच्यानं राहवलं नाही. "ठराव हाय, दादा. सूचक तुमी."

दहा खोकी कार्यालयावर गेली. त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या धोंडुबाईनं. डावा डोळा होऊन पंधरा दिवस झाले होते, काळा चष्मा लावूनच ती आली आणि एकही चिठ्ठी वाकडी लागू दिली नाही. आचाऱ्यानं ती खोकी रचली ती नेमकी जेवणाच्या दाराशी. सगळे बागायतदार त्यांना वळसा घालून पंगतीला गेले. वाचलं सगळ्यांनी. बोललं कुणी नाही, आणि पुलाव मात्र दोनदा घेतला.

बावीस जणींची पंगत शेवटची. दादा स्वतः वाढायला आला, फेटा मागं सरकलेला, डोळे लेकीच्या पाठवणीनं लाल झालेले. धोंडुबाईनं पानातला एक दाणा उचलून डोळ्यांसमोर धरला, आधी उजव्या, मग डाव्या. "काडी न्हाई," ती म्हणाली आणि खाऊन टाकला.

"घ्या आक्का, पोटभर घ्या," दादा मंगलच्या पानाशी वाकून म्हणाला.

मंगलनं पान पुढं सरकवलं. "वाढा की, दादा. आता परवडतंय तुमास्नी."

दादानं तिच्याकडं बघितलं. आणि मग, त्या अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच, तो हसला आणि त्यानं डाव भरून वाढलं.