आजोबांसाठी कापलेले तीन उंबरे

चैत्रात दाभोळहून पत्र आलं. ते आजोबांचं नव्हतं, त्यांच्या शेजाऱ्यांचं होतं. आजोबा आगरात माडांना पाणी लावायला गेले आणि पाटात पडले. बराच वेळ हाका मारत होते, पण वारा समुद्राकडून होता, कुणाला ऐकू गेलं नाही. शेजाऱ्यांची गाय त्या बाजूला गेली, तिला हाकलायला गेलेल्या बाईला ते दिसले. हाड मोडलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पुरता उतरला आहे. ते कबूल करत नाहीत. यापुढे त्यांना एकटं ठेवणं आम्हांला बरं दिसत नाही."

हे माझ्या आईचे वडील. आई मी तीन वर्षांची असताना गेली. मला त्यांनीच वाढवलं आणि त्यांनीच लग्न करून रत्नागिरीला दिलं. पत्र आलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. मामा मुंबईला नोकरीला होते. त्यांना लिहिलं तर उत्तर आलं, की एका खोलीत आम्ही सात माणसं, तीन जिने, नळ खाली, तेव्हा तूच काय ते बघ. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तरी ते पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला राग आला.

आमचे हे कचेरीत कारकून. पत्र वाचून म्हणाले, "आणू या की." एवढं बोलून पागोटं डोक्यावर ठेवून कामावर गेले. सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आण हो. माझं काही म्हणणं नाही. पण निस्तरायचं तुलाच."

दिवस थोडे होते. वैशाख सरता सरता समुद्र उठला की बोटी बंद व्हायच्या, त्या पुढे नारळी पौर्णिमेनंतर सुरू. दाभोळहून खाड्या ओलांडत बैलगाडीने त्या म्हाताऱ्या माणसाला आणणं शक्य नव्हतं. म्हणजे सात-आठ आठवड्यांत घर तयार करून त्यांना बोटीने आणायचं.

आमचं बिऱ्हाड मांडवीच्या वाटेवर होतं. रस्त्यावरून चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी उतरली की आमचं अंगण. घर दोन खोल्यांचं, आणि पडवीच्या टोकाला कुडाची भिंत घालून काढलेली तिसरी खोली. आजोबांसाठी मी तीच मनात धरली होती. पण घरमालक आंब्याचे बागाईतदार. घर भाड्याने देतानाच त्यांनी सांगितलं होतं, की आंब्याच्या दिवसांत ती खोली त्यांची. चैत्र लागला की खोलीभर गवत पसरायचं, त्यावर आंब्यांचे थर, वर पुन्हा गवत. सबंध घराला त्या आढीचा वास यायचा.

"मालकांशी बोला ना," मी ह्यांना सांगितलं.

"बोलतो उद्या."

ते "उद्या" पंधरा दिवस चाललं. शेवटी मीच पदर सावरून मालकांच्या ओटीवर गेले. मालक सुपारी कातरत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे.

"वयोवृद्ध माणूस आहे, यायलाच हवं," ते म्हणाले. "पण आढी हलवली की आंबा डागतो. शेवटची बोट भरली की खोली तुमची."

"शेवटच्या बोटीने आजोबा यायचे आहेत."

"मग झालं तर. आंबे जातील, आजोबा येतील."

हा त्यांना विनोद वाटला असावा. मी घरी येऊन एवढ्या जोरात भांडी घासली की सासूबाई म्हणाल्या, "अगो, कल्हई जाईल."

मध्येच आजोबांचं पत्र आलं. शेजाऱ्याकडून लिहवून घेतलं होतं, पण शब्द त्यांचेच. येतो म्हणून कबूल केलं होतं, पण अट होती. मुलीच्या घरी नातवंड झाल्याशिवाय आपण जेवलो नाही, तर नातीच्या घरीही मूल होईपर्यंत जेवणार नाही. आपली चूल वेगळी पाहिजे, आपला भात आपण शिजवू.

मी ते पत्र हातात घेऊन मागच्या दारी जाऊन बसले. ज्याला पाट दिसला नाही तो माणूस विस्तवाशी बसणार. आणि त्या अटीत माझ्या रिकाम्या ओटीचा उल्लेख होता, तो त्यांनी मुद्दाम केला नव्हता हे कळत असूनही मला लागला. सासूबाईंना सांगावं तर त्यांना वेगळंच लागलं. "म्हणजे आमच्या घरचं अन्न वर्ज्य," त्या म्हणाल्या, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मग मीच माती कालवून चूल घातली. पडवीत मालक विस्तव घालू देईनात, म्हणून मागच्या दारी, छपराखाली. पहिली चूल वाळताना तडकली. दुसरी घातली.

संडास परसाच्या टोकाला होता. घरापासून चाळीस पावलं, आणि मध्ये जांभ्याचे उंचसखल खडक. मी तिथले दगड काढले, खड्ड्यांत माती भरली आणि घरापासून तिथपर्यंत बांबूचा कठडा बांधून घेतला. माजघरात भिंतीला लागून डबे, पाटे, सुपं, सासूबाईंचा फडताळावर न मावलेला संसार होता. तो सगळा उचलून माळ्यावर टाकला, आजोबांच्या वाटेत काही येऊ नये म्हणून. सासूबाईंना मग हिंगाच्या डब्यासाठीसुद्धा माझी वाट पाहावी लागे. त्या बोलत नसत, नुसत्या माळ्याकडे बघत.

राहिले उंबरे. आजोबांच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत तीन उंबरे होते, वीत-वीत उंच. पाटात पडलेला माणूस उंबऱ्याला अडखळणार हे मला दिवसाढवळ्या दिसत होतं. ते कापायचे असं मी ठरवलं. पण सुतार मिळेना. गावातले सगळे सुतार आंब्याच्या पेट्या ठोकण्यात गुंतलेले. एकाकडे मी चार खेपा घातल्या. तो दर खेपेला म्हणे, "उद्या सकाळी येतो, वहिनी." शेवटी बोटीच्या आधी तीन दिवस आला, उंबरे पाहिले आणि करवत खाली ठेवून बसला.

"उंबरा बसवायचं काम केलंय," तो म्हणाला. "कापायचं कधी केलं नाही."

"मी सांगते ना."

"घरात वडीलधारं कोण आहे?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "मला विचारू नका. मी रोज त्याला हळदकुंकू वाहते. ज्यांना कापायचाय त्यांनी कापावा."

हे नेमके तेव्हाच पाखाडी उतरून आले आणि सगळा प्रकार पाहून हात-पाय धुवायला मागे गेले. मी सुताराला म्हटलं, "काप." त्याने तिन्ही उंबरे जमिनीसरसे कापले. मी वरून हात फिरवून पाहिला, कुठेही नख अडकत नव्हतं. दोन महिन्यांत मला हवं तसं झालेलं ते एवढं एकच काम.

मालकांना दुसऱ्या दिवशी कळलं. घर सोडाल तेव्हा उंबरे होते तसे बसवून द्या, असा निरोप आला. खोली मात्र शब्द दिल्याप्रमाणे रिकामी झाली, बोटीच्या आदल्या दिवशी. मी गवत काढलं, दोनदा सारवलं, तरी आंब्याचा वास गेला नाही. शेजारून मागून आणलेली बाज घातली, वर गोधडी.

हे दाभोळला जाऊन आजोबांना घेऊन आले. मी धक्क्यावर गेले होते. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून धक्क्याला यायची. लाटांनी पडाव वरखाली होत होता. एका खलाशाने आजोबांना पोतं उचलावं तसं खांद्यावर घेतलं आणि माझ्या पुढ्यात आणून उभं केलं. ते इतके हलके झाले असतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी माझा खांदा चाचपला आणि विचारलं, "तांदूळ उतरवले का?" त्यांनी आपल्या शेतातला गोणभर तांदूळ बरोबर आणला होता. नातीकडे राहायचं, पण खायचं आपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळं बिनसायला लागलं. ते बाजेवरून पडले. जन्मभर चटईवर निजलेले. कड कुठे संपते ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग ते खोलीबाहेर आले आणि माजघराच्या मधोमध उभे राहिले. दोन्ही हात पुढे केलेले, आणि हाताला काहीच लागत नाही. मी सगळी भिंत मोकळी करून ठेवली होती. ते तसेच पुढे गेले ते सासूबाईंच्या सोवळ्याच्या दांडीखाली, ओलेत्या लुगड्यात. सासूबाई ओरडल्या नाहीत, पण पुन्हा आंघोळ करून आल्या. दुपारी ते स्वयंपाकघराला आपली खोली समजून तिथे येऊन आडवे झाले. कठड्याला त्यांनी हात लावला नाही. "कुंपण कुणी घातलं मध्येच?" म्हणून विचारलं.

चुलीशी बसले ते तिसऱ्या दिवशी. मी बाजूला उभी होते, तर म्हणाले, "जा तू, मला कळतं." भात करपला आणि धोतराच्या सोग्याला विस्तव लागला. मी पाणी ओतलं. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं, गोणीतला तांदूळ वाटीभर मोजून घेतला आणि आजोबांना म्हणाल्या, "तांदूळ तुमचा, रांधणारी मी. तुमच्या नातीचं त्यात काय आलं?"

आजोबांनी धोतराचा ओला सोगा पिळला. "विहीणबाई, हे बरोबर आहे," ते म्हणाले.

झालं. दोन चुली घालणारी मी, पत्र वाचून रडलेली मी, आणि त्यांच्यात दोन वाक्यांत मिटलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला.

तो त्याच संध्याकाळी बाहेर पडला. आजोबा पुन्हा वाट चुकून देव्हाऱ्यासमोर उभे होते. मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "आजोबा, दोन महिने मी ह्या घरात राबतेय. लोकांची बोलणी खाल्ली. तुम्ही अडखळू नये म्हणून सगळं सपाट केलं. आणि तुम्हांला इकडून तिकडे चार पावलं धड जाता येत नाही?"

ते पायाने जमीन चाचपत म्हणाले, "उंबरे कुठे आहेत ग ह्या घराला?"

"कापले. तुमच्यासाठीच कापले."

"तरीच." ते खाली बसले. "मला पायाला उंबरा लागला की कळतं, एक खोली संपली. इथे काही संपतच नाही. दाभोळला पाच उंबरे आहेत. वर्षभर डोळ्यांनी काही दिसत नाही, पण घरात मी कधी चुकलो नाही."

"पाटात पडलात त्याचं काय?"

"पाटाची बाजू मजुराने बदलली होती, मला न सांगता."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. मग ते म्हणाले, "विचारायचंस तरी."

"तुम्ही तिकडे, मी इथे. विचारणार कशी?"

"तीन पत्रं आली तुझी. तिन्हींत, कधी येता आणि बोट चुकवू नका, एवढंच होतं."

हे ओटीवर बसून ऐकत होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा मध्ये पडले. "उद्या सुताराला आणतो," म्हणाले, आणि खरोखरच आणलं. आंब्याचे दिवस संपले होते, सुतार रिकामा होता. तिन्ही दारांत त्याने दोन-दोन बोटं उंचीच्या फणसाच्या पट्ट्या ठोकल्या. ठोकताना माझ्याकडे पाहिलं नाही, एवढी दया त्याने केली. बाज शेजारी परत गेली. सासूबाईंचे डबे माळ्यावरून उतरले आणि भिंतीला लागले. आजोबा त्यांच्यावरून हात फिरवत जायचे. चार दिवसांत कुठे हिंग, कुठे हळद हे त्यांना माझ्याआधी सापडायला लागलं. सासूबाई त्यांनाच हाक मारून डबा मागायच्या.

आषाढात घराबाहेर पडणं नव्हतं, तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून एकेक गोष्ट विचारून घेतली. काठी कुठे टेकवू, पाण्याचा तांब्या कोणत्या हाताला, दार उघडं की लोटलेलं. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. काही सोपी होती. काही माझ्याच्याने झाली नाहीत.

ते आमच्याकडे तीन वर्षं राहिले. माझ्यावरचा त्यांचा राग असा कधी नव्हताच. माझा जायला मात्र फार दिवस लागले. मला वाटायचं, कुणीतरी एकदा म्हणावं की पोरीने केलं खूप. तसं कुणी म्हटलं नाही, आणि मी चुकीचंच बरंच केलं होतं म्हणून मला तसं मागताही येत नव्हतं.

एका गोष्टीवरून आमचं भांडण शेवटपर्यंत चाललं. त्यांना रोज सकाळी विहिरीवर स्वतः जाऊन पाणी काढायचं असे. विहिरीला कठडा होता, पण गुडघाभर. मी नाही म्हणायची. ते म्हणायचे, जन्मभर आगर शिंपलं, मला तू पाण्याचं काय सांगतेस. मी पोहऱ्याचा दोर लपवून ठेवायची, ते शोधून काढायचे, मी पुन्हा लपवायची. ह्यात मी चुकत होते असं मला अजूनही वाटत नाही.