बाई आणि विटांचा खेळ

"मन म्हणजे वर्गातलं पोर. नजर हटली की बाकावर उभं राहतं," असं आमच्या बाई म्हणत आणि चष्म्यावरून वर्गभर नजर फिरवत. आधी मी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच शाळेत शिक्षिका. मेहरूणला, तलावाजवळ, आमच्या घरांची भिंतीला भिंत होती.

निवृत्तीनंतर सुरतेच्या भाच्याने त्यांना हातात मावणारा व्हिडिओ गेम आणून दिला. तुम्हीही पाहिला असेल; वरून विटा पडतात, खाली त्या बसवायच्या. बाईंनी आधी नाक मुरडलं. आठवड्याभरात मात्र त्यांच्याकडून भाजी करपल्याचा वास येऊ लागला. "अगं, डोळे मिटले तरी विटा पडतात," त्या सांगायच्या. एकदा माझ्या फडताळातले डबे बघून म्हणाल्या, "तो आडवा ठेव, ओळ पुरी होईल." दोघी पोट धरून हसलो.

थोरली बहीण, अक्का, त्यांच्याजवळच राहायची. गुडघ्यांनी अधू. एका दुपारी पलीकडून अक्कांची हाक आली, "पानी दे वं माले!"

"आले, एवढाच डाव."

पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. मग धप्पकन आवाज झाला. मी धावले. अक्का माठापाशी पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर मी म्हटलं, "बाई, तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल."

"आलं होतं गं. दोन्ही वेळा. ऊठ, ऊठ, असं मीच मला सांगत होते. अंगठे थांबेनात."

गेम त्यांनी माझ्या हवाली केला. "मी मागितला तरी देऊ नकोस." तिसऱ्याच दिवशी आल्या. "फक्त बघते." मी नाही म्हणून मान हलवली. अख्खी शाळा गप्प बसवणाऱ्या बाई उंबऱ्यातच घुटमळल्या. "नको म्हण," त्या म्हणाल्या, "मोठ्याने म्हण." मी म्हटलं. मान खाली घालून त्या परत गेल्या. असं पाच-सहा वेळा झालं. पुढे यायच्या, पण मागायच्या नाहीत. नुसत्या बसून जायच्या.

अक्का हळूहळू चालू लागल्या. संध्याकाळी दोघी तलावाकडे निघत, बाईंच्या दंडाला अक्कांचा हात. त्या रस्त्यावर दोघी समोर चालताना दिसल्या की मी पाय ओढत मागेच राहायची. त्यांना ओलांडून जाववत नसे.

अक्का गेल्या. बाई सुरतेला भाच्याकडे गेल्या. आता तलावाचा तो रस्ता पाच मिनिटांत संपतो.