मुद्देमालाच्या पोळ्या

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. गुन्हा सरकारी सील तोडल्याचा, आणि संशयित कोण, तर पिठाची गिरणी चालवणारी एक विधवा बाई.

इंदिरानगरात, आमच्याच कॉलनीत त्यांची गिरणी होती. परवान्याच्या नूतनीकरणाला अग्निशमनाचा दाखला लागायचा. अग्निशमनवाले म्हणत, आधी इमारतीचा भोगवटा दाखला आणा. तो बिल्डरनं काढून द्यायचा; इमारत जुनी, बिल्डर परागंदा. बाईंनी चपला झिजवल्या. शेवटी एक दिवस गिरणीला लाखेचं सील लागलं, आत लोकांच्या दळणाच्या डब्यांसकट.

काही दिवसांनी ठाण्यात खबर आली, बंद गिरणीचा पट्टा भरदुपारी फिरतोय. आम्ही पोहोचलो तेव्हा सील तुटलेलं, जात्याचे दगड अजून कोमट आणि डबे गायब. मागोमाग परवाना कार्यालयाचे साहेब फिर्याद घेऊन हजर.

"चोरीचंही कलम लावा," ते म्हणाले. चोरी लागली की परवाना कायमचा गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना बोलावलं. शेजारी महिला शिपाई बसवली.

"सील कोणी तोडलं?"

"उंदरांनी."

"आणि डबे?"

"त्यांनीच नेले असतील. लय मोठे उंदीर हायेत आमच्या गल्लीत."

मी टेबलावर हात आपटला. त्यांनी तो शांतपणे पाहिला. बोलण्याचा हेल मात्र ओळखीचा होता. मी सटाण्याकडचा, शिपायापासून वर आलेला. आवाज उतरवून त्यांच्याशी अहिराणीत बोललो. त्या थबकल्या.

"ते लोकस्नं पीठ शे, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

दुपारी घरी जेवायला गेलो. गिरणी बंद झाल्यापासून पाकिटातल्या पिठाच्या वातड पोळ्या खात होतो. त्या दिवशी पोळी मऊसूत.

"हे पीठ कुठलं?"

"आपलंच," बायको म्हणाली. "गिरणीवाल्या मावशी काल डबा दारात ठेवून गेल्या. गव्हात किडे झाले असते म्हणाल्या. दळायचे पैसेही घेतले नाहीत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पोलीस ना!"

मुद्देमाल माझ्या ताटात होता. संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या बायका आपापले डबे घेऊन, काही चोरीला गेलं नाही, आमचं आम्हाला मिळालं, असा जबाब द्यायला ठाण्यात आल्या.

मी साहेबांना बोलावून सौदा मांडला. "चोरीची फिर्याद मागे घ्या. नाहीतर पहिला साक्षीदार मी. आणि लोकांचा माल आत कोंडून, त्याची नोंद न करता सील कोणी लावलं, तेही कोर्टात सांगेन."

साहेबांनी घाम पुसला आणि चोरीची फिर्याद मागे घेतली. सील तोडल्याबद्दल बाई दंडावर सुटल्या. माझ्याकडून मात्र आरोपीला झुकतं माप दिल्याचा खुलासा वरून मागवला गेला. तो राग अजून गेलेला नाही.

आयुष्यभर मी खोटं बोलणाऱ्यांना पकडलं. या प्रकरणात मात्र प्रत्येक टेबलावरचा माणूस नियमाला धरून, खरंच बोलत होता, आणि तरी भोगवटा दाखल्यावाचून गिरणी गेली. यांना मी कुठल्या कलमाखाली धरणार होतो? एकट्या बाईनं दळण दळायचं की दाखले गोळा करत फिरायचं?

आज त्याच इमारतीत, त्याच गाळ्यात, पाकिटातलं पीठ विकणारं एका मोठ्या कंपनीचं चकचकीत दुकान आहे. इमारतीला भोगवटा दाखला अजूनही नाही. मी मुद्दाम जाऊन विचारलं. तिथला मॅनेजर हसून म्हणाला, "ते आमचा माणूस बघतो सर. त्याच कामाला ठेवलाय."

आमच्या घरी आता तेच पीठ येतं. पोळी वातड होते.