शिंगाड्याच्या बोडीवरचं धुकं

ब्रह्मपुरीला छोट्या लाईनच्या गाडीतून उतरलो तेव्हा अंग इतकं आंबून गेलं होतं, की खांद्यावरचा उसना कॅमेरासुद्धा नकोसा झाला होता. नागपूरहून निघताना संपादकांनी बजावलं होतं, "थंडीत कुडकुडणारी माणसं हवीत. चेहरे हवेत." मलाही तेच हवं होतं. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवीत. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर, आणि अन्यायाला चेहरा असतो ही समजूतही तिथलीच.

निघालो होतो आरमोरीकडच्या एका ढिवरांच्या (मासेमारांच्या) गावाला. मालगुजारी (इकडची जमीनदारी) गेली, मालगुजाराची बोडी (लहान तळं) सरकारात जमा झाली, तिचा लिलाव झाला आणि ती एका ठेकेदाराने घेतली. त्या बोडीत पिढ्यान्‌पिढ्या शिंगाडा लावणाऱ्या ढिवरांना त्याने पाण्यात उतरायला मनाई केली. वेल त्यांनीच पावसाळ्यात लावलेले. फळ आता भरलेलं. ते चोरासारखं तोडायचं की डोळ्यांदेखत सडू द्यायचं, एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. तहसिलीत त्यांनी अर्ज केला होता, पण साहेबांची तारीख पडत नव्हती.

ब्रह्मपुरीपासून बैलगाडी. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं, मधूनमधून पुंजणे (धानाच्या पेंढ्यांची रास), आणि चाकांखालून उठणारी धूळ. वैनगंगेवर नाव मिळाली. नावाड्याने कॅमेऱ्याकडे पाहून विचारलं, "काऊन जी, मोजनी करून राह्यले का?"

"नाही, फोटो काढायचेत."

"मंग चुकले तुमी. ह्या धुक्यात आपला हात आपल्याले दिसत नाई, फोटूत का दिसन?"

पलीकडच्या काठावर उतरताना एक जोडा चिखलात रुतला, तो काढताना दुसराही भरला.

संध्याकाळी गावात पोचलो. ढिवरांच्या वतीने अर्ज करणारा गोविंदा मला त्याच्या घरी घेऊन गेला. त्याची म्हातारी आई, भागरता बाई, चुलीपाशी होती. तिने भात आणि माशांचा झणझणीत रस्सा वाढला आणि वर उकडलेले शिंगाडे ठेवले. "खा. चोरीचे हायेत," ती म्हणाली, आणि मी घास थांबवलेला पाहून म्हणाली, "आपल्याच घरची चोरी. पचते." तणशीवर (भाताच्या पेंढ्यावर) गोधडी अंथरून दिली. अंगात कणकण होती. झोप लागली असं म्हणवत नाही.

ठेकेदाराचा राखणदार ऊन तापल्यावर बोडीवर येतो, म्हणून ही मंडळी तांबडं फुटायच्या आत पाण्यात उतरतात. तोंडं बांधलेली दोन मडकी बांबूला बांधायची, मध्ये बसायचं आणि पाय सोडून वेलांतून सरकत जायचं, अशी इथली रीत. त्या पहाटे मी पाळीवर (तळ्याच्या बांधावर) उभा राहून ओरडलो, "गोविंदाभाऊ, चेहरे जरा इकडे करा!"

गोविंदा काठाला आला. "चेहरा नोको भाऊ. पेपरात आला का ठेकेदार बोट ठेवून सांगन, हा एक, हा दुसरा."

"चेहऱ्याशिवाय लढा कसा होईल?"

"लढा तं चालूच हाये जी. पन उद्या आमाले ठान्यात नेलं, तं तुमी येनार का संगं?"

"येईन."

"या मंग. पन जोडे दुसरे आना," म्हणून तो हसत पुन्हा धुक्यात शिरला.

मी पाळीवर बसलो. इतक्या लांब येऊन हात हलवीत जाणार, हेच डोक्यात होतं. राग यायलाही अंगात ऊब लागते. समोर नुसतं पांढरं होतं. आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे लागतं, कळत नव्हतं. हळूहळू त्यातून काळी मडकी दिसू लागली, मग पाठी, मग हात. एक हात वेल उचली, अंथरुणासारखा उलटा करी, दुसरा हात खालची तांबूस-हिरवी फळं खुडून घेई, आणि वेल पुन्हा पाण्यावर अलगद निजवला जाई. उचललेल्या पानांतून थेंब गळत, तेवढाच आवाज. एकही चेहरा नाही. हे इतकं सुंदर असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. मी कळ दाबली.

ऊन आलं. धुकं फाटलं तसे सगळे घाईने टोपल्या उचलून पळसांआड गेले. एकटी भागरता बाई पाळीवर चढली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. लुगड्यातून पाणी निथळत होतं.

"माहा काढ."

गोविंदा झुडपातून खेकसला, "माय, चाल ना घरी!"

"काऊन? तुले नेलं तं लेकरं उपाशी. मले नेलं तं घरात एक तोंड कमी." मग माझ्याकडे वळून, "ह्या बोडीत माह्या सासूनं वेल लावला. कोनाचं तरी तोंड दिसलं पायजे का नाई? नाव बी लिवजो."

तिने ओटीत शिंगाडे घेतले आणि चेहरा दगडासारखा केला. तेवढ्यात पळसामागून तिची जाऊ सखू ओरडली, "अवो बाई, दात नाई तं तोंड मिटून बसा! फोटूत बोडी दिसू द्या, बोळकं नोको!" भागरता बाई खदखदून हसली. त्याच क्षणी मी कळ दाबली.

नागपूरला ताप घेऊनच पोचलो. संपादकांनी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. "हा धुक्याचा कॅलेंडरला शोभेल. आणि ही हसते आहे. यात अन्याय कुठे आहे?"

मी एवढंच म्हणालो, दोन्ही छापा, नाहीतर मजकूरही परत द्या. बऱ्याच वेळाने ते कबूल झाले, आणि म्हातारीच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'एक पीडित ढिवर स्त्री'. मी ते खोडलं आणि लिहिलं: 'भागरता बाई, आपल्या बोडीवर'.

अंक निघाला. तहसिलीतला निकाल अजून लागायचा आहे. तो कसाही लागो. ती बोडी कुणाची, हे तिने आपल्या तोंडाने सांगितलं आहे आणि ते आता छापून झालं आहे.