मेमरीत न मावणारी सलामी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या कसबा बावड्यात उसाच्या फडात कुणाला काही दिसलं, की मी आधी विचारायचो, "किती घेतली हुतीस?" आता तुम्हीही मला तेच विचारणार... विचारा खुशाल.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मंगळवार पेठेत सलीमच्या घरी, माडीवर, आम्ही दोघं मित्र कॉम्प्युटर गेम बनवत होतो — कुस्तीचा. कोल्हापुरात राहून दुसऱ्या कशाचा बनवणार! टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, प्रोग्राम कॅसेटवर. मेमरी इतकी तुटपुंजी की आज मोबाईलमधला एक फोटोही त्यात बसणार नाही.

सलीमचा गल्फचा व्हिसा आला होता. मुंबईचा एक व्यापारी गेम बघायला येणार होता. त्यानं घेतला तर सलीम इथंच राहणार, नाहीतर जाणार. मला तो जायला नको होता, बस्स.

मेमरीत सगळं मावत नव्हतं, म्हणून आमचं भांडण एकच — चित्र की खेळ? मला मैदानाभोवती फेटेवाल्यांची गर्दी हवी होती, सलीमला डाव.

"सुभ्या, मान्सं बघून काय करायचंय? डावच न्हाईत तर पैलवान काय नुस्ता हुबा ऱ्हाणार व्हय?"

"आरं, पण आदी डोळ्यात भराय पायजे की!"

शेवटी तडजोड म्हणून आम्ही सलामी काढून टाकली. कुस्तीआधी पैलवान वाकून माती उचलतात, हात पुढे करून एकमेकांना देतात, ती सलामी. तिची चित्रं पुसली आणि त्या जागेत माझी गर्दी बसवली. सलीमचे वडील तालमीत वस्ताद. त्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "माती दिल्याबिगर कुस्ती? त्येला मारामारी म्हंत्यात, पोरांनो." आम्ही हसण्यावारी नेलं.

व्यापारी भर दुपारी आला. गेम सुरू झाला, गर्दी झकास दिसली. सलीमनं कळ दाबली. समोरचा निळ्या लंगोटाचा पैलवान, ज्याला कॉम्प्युटर खेळवायचा, तो हललाच नाही. मग वाकला... उठला... आणि त्यानं हात पुढे केला.



"तू परत घातलीस?" सलीम कुजबुजला.

"न्हाई रं! मला वाटलं तूच..."

सलीम कळांवर कळा बडवत होता. एकही डाव लागेना. निळा हात पुढे करून तसाच उभा. व्यापारी खुर्ची ओढून पुढे सरकला. मला घाम फुटला — गेला गेम, गेला सलीम! शेवटी सलीमनं कळा सोडल्या आणि आपला उजवा हात टीव्हीच्या काचेवर टेकवला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. निळ्यानं हात खाली घेतला आणि कुस्ती सुरू झाली.

सलीमच्या हाताला माती वगैरे काही लागली नव्हती. सिनेमा नव्हता तो.

व्यापारी खूश. "डाव ठीक आहेत. पण तो थांबतो ना, हात पुढे करून... असं मी कुठे बघितलं नाही. मला हेच पाहिजे. परत दाखवा."

परत लावला. निळा सलामी न देता सरळ अंगावर धावून आला. परत लावला, तेच. व्यापारी संध्याकाळपर्यंत थांबला, मग म्हणाला, "जमलं की कळवा."

आम्ही सलामी पुन्हा घातली, तर गर्दी काढावी लागली. ते बघून व्यापारी म्हणाला, हे ओकंबोकं कोण घेणार? दोन्ही एकत्र बसवायला आम्ही जिवाचं रान केलं. नाही बसलं.

चुकून जुनी कॅसेट लागली असेल, असं म्हणाल. पण जुनीत गर्दीच नव्हती! त्या दुपारी पडद्यावर दोन्ही होतं आणि ते आम्ही तिघांनी बघितलं.

सलीम गेला. स्टँडवर मी पोराटोरांसारखा रडलो. पुढे चांगल्या शिकलेल्या लोकांना विचारलं, सगळे म्हणाले, एवढ्या मेमरीत हे शक्यच नाही. ते मलाही माहीत आहे हो! शक्य असतं, तर माझा मित्र गावातच राहिला असता.